विचारल्याशिवाय सांगायचं नाही

तोंडात नळी असली की माणसाला बोलता येत नाही, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं.

एंडोस्कोपी चालू होती. एंडोस्कोपी म्हणजे टोकाला कॅमेरा बसवलेली लवचिक नळी घशातून पोटात सोडतात आणि आतला कारभार पडद्यावर बघतात. मी डाव्या कुशीवर पडलेलो. दातांत प्लास्टिकचं कडं, घसा फवारा मारून बधिर केलेला, लाळ उशीवर गळतेय. पडद्याचा एक कोपरा मला दिसत होता. गुलाबी, ओलं, हलणारं काहीतरी. ते मी होतो.

"हा बघा अल्सर," मोठे डॉक्टर म्हणाले. "आणि रक्त अजून चालूच आहे."

अल्सर म्हणजे जठराच्या आतल्या अस्तराला पडलेली जखम. माझ्या जखमेच्या तळाशी एक रक्तवाहिनी उघडी पडली होती आणि नळाची वायसर गेल्यासारखी गळत होती.

पडद्यावरून नजर न काढता ते पुढे म्हणाले, "यांना रक्त पातळ करायची औषधं दिली होती ना? हिस्ट्री कुणी घेतली?"

"मी, सर." माझ्या पायाशी उभी असलेली डॉ. साक्षी.

"शौच काळी होते का, विचारलं नाही? पेनकिलर विचारल्या नाहीत? वॉर्डात नवीन आलेलं पोरगंसुद्धा हे विचारतं."

मी मध्येच बोललो. म्हणजे घशातून घोरण्यासारखा आवाज काढला आणि हात हलवला.

"हलू नका काकाजी. आतून लागेल," मोठे डॉक्टर म्हणाले.

मी हात खाली घेतला. खरी गोष्ट अशी होती की तिला कळू नये अशी व्यवस्था मीच केली होती. जाणूनबुजून. का केली ते सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा, पण शेवटपर्यंत वाचा. उद्या तुमच्यावरही कॅज्युअल्टीत जायची पाळी येऊ शकते, आणि माझ्याइतकं शहाणपण तुमच्याकडे नसेल तर वाचाल.

हे शहाणपण कुठून आलं ते आधी सांगतो.

मी वीज खात्यात मीटर रीडर होतो. तीस वर्षं नागपूरचे जिने चढलो आणि उतरलो, त्यात दोन्ही गुडघे खात्याला अर्पण केले. फावल्या वेळात नाटक. आमच्या मानेवाड्याच्या कॉलनीत गणपतीत दरवर्षी नाटक बसतं आणि तिसऱ्या अंकात मरणारा माणूस मीच असतो. एकदा इतका छान मेलो की पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी पाणी आणलं.

रिटायर झाल्यावर कॉलनीतलेच एक प्राध्यापक म्हणाले, आमच्या मेडिकल कॉलेजात या, तुमच्या मरण्याचा उपयोग होईल.

तिथे सिम्युलेटेड पेशंट लागतात. म्हणजे खोटे रुग्ण. भावी डॉक्टरांना पेशंटशी बोलायचं कसं हे शिकवायला धडधाकट माणसाला एक कार्ड देतात, ते पाठ करून त्यानं रुग्ण व्हायचं. विद्यार्थी येतो, दहा मिनिटं प्रश्न विचारतो, घंटा होते, पुढचा येतो. माझं कार्ड होतं 'राजाराम, वय पंचावन्न, छातीत दुखतं.' चार वर्षांत राजारामच्या छातीत इतक्यांदा दुखलं की खरा असता तर केव्हाच गेला असता.

या कामाचा एक नियम कार्डावर सगळ्यात वर ठळक छापलेला असतो: विचारल्याशिवाय सांगायचं नाही. "कोणती औषधं घेता?" असं विचारलं तर राजाराम एकच औषध सांगतो. "आणखी काही?" असं विचारलं तरच दुसरं. नाही विचारलं तर मार्क कापायचा. कार्डाच्या तळाशी एक ओळ असते, 'मनातली भीती.' राजारामची भीती अशी की त्याचे वडील असेच छातीला हात लावून गेले. ही ओळ तर कुणी मायेनं विचारल्याशिवाय बाहेरच काढायची नाही. बहुतेक पोरं तिथवर पोचतच नाहीत. घंटा होते.

तीन वर्षांपूर्वी एक मुलगी पोचली. सावनेरची, बारीक चणीची, प्रश्न विचारताना स्वतःच घाबरलेली. सगळं विचारून झाल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "काका, तुम्हाला कशाची भीती वाटते?" मी तिला पूर्ण मार्क दिले. तीच साक्षी.

आता माझ्या आजाराकडे येतो.

मेच्या पहिल्या आठवड्यात मला चक्कर यायला लागली. नागपुरात मे महिन्यात चक्कर आली की निदान करायला डॉक्टर लागत नाही. ऊन लागलं. आमच्या सौभाग्यवती कुंदाताई मूळच्या उमरेडच्या. त्यांनी कैरीचं पन्हं पाजलं, खिशात कांदा ठेवला, कूलरसमोर बसवलं. मी पन्हं पीत होतो आणि आणखी पांढरा पडत होतो.

"अवो, तोंड कसं पिठावानी होऊन राहिलं तुमचं," कुंदा म्हणाली. "डॉक्टरले दाखवा."

"ऊन आहे. उतरेल."

तिला दोन गोष्टी माहीत नव्हत्या. एक, मी गुडघ्यांसाठी दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून रोज दोन-दोन घेत होतो, बहुतेकदा रिकाम्या पोटी. त्यांच्या जोडीला खापा गावच्या माझ्या साडभावानं, म्हणजे साडूनं, दिलेली एक पूड. त्यात काय आहे ते त्यालाही माहीत नव्हतं, पण गुण येत होता. दोन, चार दिवसांपासून मला डांबरासारखी काळी शौच होत होती. मी ते पुडीच्या नावावर टाकलं. पूड काळी, म्हणून सगळं काळं. तीस वर्षं मीटर वाचलेल्या माणसाचा हा हिशेब.

पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं आणि मी अंगणातल्या नळापाशी खाली आलो. कुंदानं शेजाऱ्याची गाडी काढायला लावली. गाडीत मी विनोद केला, "या वेळी अंक पहिलाच आहे." कुणी हसलं नाही. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो.

हॉस्पिटल तेच, जिथे मी राजाराम होत असे. कॅज्युअल्टीत पडदा सरकला आणि साक्षी आत आली. आता ती रेसिडेंट होती, म्हणजे शिकताशिकता वॉर्ड सांभाळणारी डॉक्टर. डोळ्यांखाली काळं, हातात तीन फाइली.

"काका, तुम्ही राजाराम ना?"

एवढं ऐकलं आणि माझ्यातला खरा माणूस कॉटवरून उतरून बाहेर गेला. उरला तो परीक्षक. घाम फुटलेला, हात बर्फासारखे, आणि मनात काय, तर बघू पोरगी विसरली का.

"काय होतंय?"

"छातीत दुखतं." खरं होतं.

"कोणतं औषध चालू आहे?"

"बीपीची एक गोळी." हेही खरं.

आता 'आणखी काही?' असं विचार, मी मनात म्हणालो. तिनं विचारलं नाही. पलीकडच्या कॉटवरून कुणीतरी तिला हाक मारली होती. मी एक मार्क कापला.

"कुठून रक्त वगैरे जातं का?"

"नाही." मी लाल रक्त पाहिलं नव्हतं. काळ्याबद्दल तिनं विचारलं नव्हतं. आणखी अर्धा मार्क.

मी हे आजही स्वतःशी बोलतो तेव्हा कानशिलं गरम होतात. माणूस मरायला टेकलाय आणि मार्क देतोय.

ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या विजेचा आलेख. त्यात बदल दिसले. नंतर मला समजावलं की रक्त कमी झाल्यामुळे हृदयाला प्राणवायू पुरत नव्हता, म्हणून ते तसं दिसत होतं. पण त्या वेळी चित्र हार्ट अटॅकचं होतं, आणि अटॅकमध्ये वेळ घालवत नाहीत. मला अ‍ॅस्पिरिन चघळायला दिली, आणखी एक गोळी दिली आणि हेपरिन सुरू केलं. हेपरिन म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं इंजेक्शन. ज्याच्या पोटातला नळ उघडा आहे, त्याच्या रक्ताची गोठायची ताकदच काढून घेतली. तिला नळ माहीत नव्हता. मला माहीत होता, पण मी परीक्षा घेत होतो.

आयसीयूत जागा होईपर्यंत बाजूच्या खोलीत ठेवलं. तिथे साडेअकराच्या सुमारास सिस्टर ज्योत्स्ना आल्या. त्या नर्सिंगचं पुढचं शिक्षण घेत होत्या आणि त्यांचा संशोधनाचा विषय होता, दाखल होताना पेशंटला काय विचारलं जातं आणि काय राहून जातं. त्यांनी साक्षीची परवानगी घेतली होती. मला सांगितलं, त्रास होत असेल तर नाही म्हणा, उपचारात काही फरक पडणार नाही. मी सहमतीच्या कागदावर ऐटीत सही केली. सही वाकडी आली.

सात-आठ प्रश्न झाले. मग शेवटचा. त्यांनी तो वाचून दाखवला नाही, माझ्याकडे बघून विचारला.

"आम्ही विचारलं नाही, पण तुम्हाला सांगायचं आहे, असं काही राहिलं का?"

अखेर योग्य प्रश्न आला होता. मी नाटकातल्यासारखा थोडा थांबलो आणि सगळं सांगितलं. गोळ्या, पूड, डांबर. शेवटी म्हणालो, "बघा, तुमच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलंच नाही."

सिस्टर हसतील असं मला वाटलं होतं. त्यांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्या हाताला जोडलेल्या हेपरिनच्या पंपाकडे पाहिलं, मग माझी खालची पापणी ओढून आत लाली आहे का ते पाहिलं. कागद तिथेच माझ्या पायांवर ठेवून त्या बाहेर गेल्या. धावत नाही. नर्स सहसा धावत नाही, झपझप चालते, आणि धावण्यापेक्षा ते भयंकर असतं.

दोन मिनिटांत खोली भरली. पंप बंद झाला. दुसऱ्या हातात आणखी एक सुई. कुणीतरी रक्तपेढीला फोन करत होतं. हिमोग्लोबिनचा रिपोर्ट त्याच वेळी आला, तेरा-चौदा हवं तिथे सातच्याही खाली. साक्षीनं तो वाचला. ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त कुंदाला विचारलं, "मावशी, यांचा रक्तगट माहीत आहे का?" आणि तिचा आवाज तीन वर्षांपूर्वीसारखा घाबरलेला होता.

तेव्हा मला समजलं की मी मरू शकतो. तिसरा अंक नाही, प्रेक्षक नाही, नंतर मेकअप पुसून पोहे-तर्री खायला जाणं नाही. पायांतला गारठा वर वर चढत होता. मी काहीतरी बोलायला बघत होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाक्य सुचत नव्हतं.

दुपारी चारला एंडोस्कोपी. तिथून सुरुवात केलीच आहे. त्यांनी नळीतूनच जखमेभोवती इंजेक्शन दिलं आणि त्या रक्तवाहिनीला क्लिप लावली, म्हणजे धातूचा बारीक चिमटा. गळती थांबली.

"थांबली असं आत्ता म्हणू," मोठे डॉक्टर नंतर कुंदाला म्हणाले. "पहिले बहात्तर तास महत्त्वाचे. पुन्हा सुरू झालं तर पुन्हा नळी. तेही जमलं नाही तर ऑपरेशन. आणि हृदयावरचा ताण वेगळाच."

बहात्तर तास म्हणजे किती, हे ज्यानं मोजलेत त्यालाच ठाऊक. मी मॉनिटरवरचा आकडा बघत राहायचो. नाडी वाढली की वाटायचं, चिमटा सुटला. भीतीनं नाडी वाढायची, नाडी बघून भीती वाढायची. पोटात गुरगुर झाली तरी हात घंटीकडे जायचा. रक्ताच्या पिशवीतला एकेक थेंब पडताना मी बघायचो. कुणाचं होतं कुणास ठाऊक. त्या माणसानं विचारल्याशिवाय दिलं होतं.

आणि या सगळ्याखाली दुसरी भीती. साक्षी येत होती, नाडी बघत होती, कागद भरत होती. पण बोलत नव्हती. दाराबाहेर दोन रेसिडेंट बोलताना मी ऐकलं की तिला सगळ्यांसमोर ही केस मांडायला सांगितली आहे, कुठे चुकलं ते सांगायला. खरं सांगायला मी धजत नव्हतो. मनात येई, ज्यानं डॉक्टरांना फसवलं त्या पेशंटकडे रात्रंदिवस लक्ष कोण देईल? कुंदाला मात्र सांगितलं. पोटात काहीच ठेवायची परवानगी नव्हती.

ती स्टूल ओढून माझ्या उशाशी बसली.

"मले काहून नाही सांगितलं गोळ्यांचं?"

"तू विचारलं नाहीस."

जीभ सवयीनं बोलून गेली. कुंदानं डोळ्याला पदर लावला. आमच्या लग्नाच्या पस्तीस वर्षांत तिनं हे माझ्यासमोर तीनदाच केलं असेल.

"आता बायकोलेबी परीक्षेत बसवता काय? त्या पोरीच्या नावानं बोंब होऊन राहिली, अन् तुम्ही गादीवर पडून आकडे पाहून राहिले. सांगता का मी सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर आले, मागे साक्षी आणि सात-आठ विद्यार्थी. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, मला एक सांगायचं आहे. कुणी विचारलं नाही, तरी."

सांगितलं. राजाराम, कार्ड, कापलेला दीड मार्क. विद्यार्थ्यांपैकी एकजण हसू दाबायला खाली बघायला लागला. मोठे डॉक्टर हसले नाहीत.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, सांगायला हवं?"

"हो."

ते साक्षीकडे वळले. "तरी 'आणखी काही' विचारायला हवं होतं. शौचेचा रंगही. पेशंट लपवणारच. घाबरून, लाजून, विसरून. हे परीक्षा घेतात म्हणून लपवतात, हे मात्र मी पहिल्यांदा पाहिलं." मग म्हणाले, "केस मांडताना हेही मांड. पूर्ण."

ते पुढच्या कॉटकडे गेले. साक्षी एक क्षण मागे राहिली.

"काकाजी," ती हळू म्हणाली, "माझी परीक्षा तीन वर्षांपूर्वी झाली होती. काल पेशंट तुम्ही होते. हेपरिन मी सुरू केलं. तुम्ही गेले असते तर जन्मभर ते माझ्याकडेच राहिलं असतं."

मला वाटलं होतं माझं सांगून झाल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं. तशी अपेक्षाही ठेवू नका. काही गोष्टी सांगितल्या म्हणून फिटत नाहीत, फक्त वाढायच्या थांबतात.

बहात्तर तास गेले. चिमटा टिकला. सातव्या दिवशी घरी सोडलं. हृदयाची वेगळी तपासणी केली, ते बऱ्यापैकी निघालं. दुखण्याच्या गोळ्या कायमच्या बंद. पुडीबद्दल डॉक्टर म्हणाले, अशा पुड्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, तपासल्याशिवाय सांगता येत नाही. साडभाऊ भेटायला आला तो नवीन पुडी घेऊन. कुंदानं त्याला चहा दिला आणि पुडी त्याच्याच पिशवीत परत ठेवली.

आता तुमच्यासाठी. घरातली सगळी औषधं, गोळ्यांची पाकिटं, चूर्ण, काढे, शेजारणीनं दिलेलं मलम, सगळं एका कापडी पिशवीत घाला आणि दवाखान्यात जाताना ती घेऊन जा. आम्ही तसंच करतो. पिशवी कुंदाकडे असते. माझ्यावर तिचा विश्वास नाही, आणि ते बरोबर आहे. शौचेचा रंग बदलला तर लाजू नका. डांबरासारखी काळी म्हणजे आत रक्त असू शकतं, त्याच दिवशी दाखवा. आणि डॉक्टर विसरले तर मार्क कापू नका, सांगा.

सिस्टर ज्योत्स्नांचा कागद माझ्या पायांवरच राहिला होता. घरी सोडताना त्यांनी मला विचारलं, तुमचं उत्तर अभ्यासात घेऊ का, नाव येणार नाही. मी म्हणालो, नाव घातलं तरी चालेल. त्या म्हणाल्या, नियम आहे. ज्या प्रश्नानं मी जिवंत आहे तो त्यांनी स्वतः घातला होता. विचारलं, हा कसा सुचला, तर म्हणाल्या, "वॉर्डात वीस वर्षं काढली काकाजी. लोक नर्सला दारातून परत बोलावून सांगतात. मी दारापर्यंत जायचं फक्त वाचवलं."

मी अजून कॉलेजात जातो. राजाराम दुसऱ्या कुणाला दिला. माझं कार्ड आता नवीन आहे, चक्कर आणि काळी शौच. ते पाठ करावं लागलं नाही. नियम तोच आहे, विचारल्याशिवाय सांगायचं नाही, आणि तिथे तो बरोबरच आहे. फक्त विद्यार्थी उठायला लागला की माझे तळवे गार पडतात. विचार बाबा, मी मनात म्हणतो. ज्यानं नाही विचारलं त्याला घंटा झाल्यावर मी सगळी गोष्ट सांगतो, बाहेर पुढचा ताटकळला तरी.

महिन्यानं तपासणीला गेलो तेव्हा ओपीडीत साक्षीच होती. त्या सकाळी मला पुन्हा काळी शौच झाली होती. आदल्या दिवशीही. दोन दिवस मी ते कुंदालाही सांगितलं नव्हतं. स्कूटरवर मागे बसलेली ती, पुढे मी, आणि माझ्या डोक्यात पुन्हा तो गुलाबी पडदा.

खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणालो, "डॉक्टर, तुम्ही विचारायच्या आधी सांगतो. काळी होतेय. दोन दिवस."

मागे कुंदा औषधांची पिशवी धरून उभी होती. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज मी ऐकला.

साक्षीनं चिकट होते का, वास येतो का, चक्कर येते का, सगळं विचारलं. नाडी पाहिली, पापणी ओढून पाहिली. "या आठवड्यात लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात ना? त्यानंही काळी होते. बहुतेक तेच आहे. पण आज हिमोग्लोबिन करू. रिपोर्ट येईपर्यंत इथेच बसा."

"बरं."

ती लिहीत होती. मग तिनं पेन टेकवलं, मान वर केली आणि थांबली. बाहेर रांग मोठी होती, तरी थांबली.

"आणखी काही, काकाजी?"

तोंडाशी एक विनोद आला होता. चांगला होता. तो मी गिळला.

"भीती वाटते," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि तेही कागदावर लिहिलं.